उजवीकडचा आवाज

वहिनीला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, असं गॅरेजात सगळे धरून चालायचे, आणि खुद्द वहिनीही. सोयीचं होतं ते. चहा द्यावा, फोन घ्यावेत, गिऱ्हाइकाला खुर्ची पुसून द्यावी आणि मिस्त्री जे काही बोलले असतील ते त्याला गोड करून सांगावं, एवढं तिचं काम. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. माणूस हाडाचा कारागीर, पण जिभेला हाड नाही. "गाडी चालवता की कुटता?" असं भल्याभल्यांना तोंडावर विचारायचे. मग ते गिऱ्हाईक पडलेल्या चेहऱ्याने वहिनीकडे यायचं आणि ती त्याला चहा पाजून, "त्यांना म्हणायचंय की क्लच जरा जपून वापरा" असं सांगून पुन्हा माणसांत आणायची. वहिनी हे नाव धाकट्या दिराने पाडलेलं. त्याचं ऐकून सुटे भाग विकणारा, शेजारचा वेल्डर, झाडून सगळे तिला वहिनीच म्हणायला लागले.

त्या दुपारी मात्र तिला गाडीतलं काहीतरी कळलं, आणि कळलं ते तळपायांतून.

शाळेला सुट्टी होती, म्हणून लेक तिला बाजारात घेऊन गेली होती. लेक शाळेची व्हॅन चालवायची. डोंगरावरच्या वस्तीतली पोरं सकाळी खाली आणायची आणि शाळा सुटली की परत वर नेऊन सोडायची, हा तिचा रोजचा धंदा. मुलीच्या जातीने व्हॅन चालवावी का, यावर नातेवाइकांनी भरपूर तोंडसुख घेतलं होतं. मिस्त्रींनी त्या सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं आणि लेकीला स्वतः गाडी शिकवली. चालवताना फोनला हात लावायचा नाही, उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, आणि चाकातून नवा आवाज आला तर घरी यायचं, असे तीन हुकूम तिला तोंडपाठ होते. तिसऱ्या हुकुमाप्रमाणे ती आता घरी येत होती.

पुढच्या सीटवर गॅरेजचे ऑइलचे डबे होते, म्हणून वहिनी लेकीच्या मागे, उजव्या खिडकीशी बसली होती. जात्यात खडे घालून दळावं तसा आवाज येत होता. वेग वाढला की वाढे, कमी झाला की दबे. मध्येच स्टिअरिंग हिसका मारायचं आणि लेक ते दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणायची, बघ आई, परत. वहिनीच्या उजव्या तळपायाखालचा पत्रा थरथरत होता. डाव्या पायाखाली काही नव्हतं. तिने पाय बदलून पाहिले, चप्पल काढून पाहिलं, तेच. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण आपल्याला काय कळतंय, म्हणून ती गप्प बसली.

मिस्त्रींचा कान पंचक्रोशीत नावाजलेला होता. गाडी फाटकातून आत येईपर्यंत ते पाना न उचलता सांगायचे, पट्टा सैल आहे, नाहीतर पुढच्या चाकाचा बेअरिंग संपत आलाय. दुसऱ्या गॅरेजांनी हात टेकलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या. ट्रायलला धाकट्याने गाडी चालवायची, मिस्त्रींनी शेजारी डाव्या सीटवर डोळे मिटून बसायचं आणि परत आल्यावर बाजू सांगायची, अशी तिथली पद्धत. आणि एकदा मिस्त्रींनी बाजू सांगितली की फक्त तेच चाक जॅकवर घ्यायचं. दुसरं उचलून बघायचं नाही. फार पूर्वी धाकट्याने सहज म्हणून दुसरं चाक उचललं होतं, तर मिस्त्री कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. जेवताना भात वाढ एवढंसुद्धा वहिनीमार्फत. तेव्हापासून तो नाद त्याने सोडला होता.

आता खरी गोष्ट सांगायची तर तो कान पूर्वीचा राहिला नव्हता. उजवा कान गेला होता. हे पहिल्यांदा वहिनीला कळलं ते उशीवर. मिस्त्री डाव्या कुशीवर झोपले की चांगला कान उशीत दबायचा, आणि मग दुधाचं पातेलं पडो की बाहेर टायर फुटो, त्यांना त्याचा पत्ता नसायचा. उजव्या कुशीवर असले की पाल सरपटली तरी जागे. तिने एकदा डॉक्टरांचा विषय काढून पाहिला. माझा कान तपासणारा अजून जन्माला यायचाय, असं म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं, आणि ती मूग गिळून बसली. ज्याच्या जोरावर माणूस ताठ मानेने जगतोय तेच कसं काढून घ्यायचं त्याच्याकडून?

मग कुणी कुणाशी काही न बोलता अख्खं घर मिस्त्रींच्या डावीकडे सरकलं. जेवताना लेक त्यांच्या डाव्या हाताला बसायला लागली. बॉनेटवर वाकलेल्या मिस्त्रींना हाक मारायची तर धाकटा वळसा घालून डावीकडे जायचा. एखादं गिऱ्हाईक उजवीकडून बोलत राहिलं तर वहिनी चहाचा कप अशा ठिकाणी ठेवायची की त्याला उठून पलीकडे यावंच लागे. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तोंडाला कुलूप लावून होते. मिस्त्रींना स्वतःला कळलं होतं का? देव जाणे. ज्याला सगळं जग डावीकडूनच बोलतंय त्याला उजवीकडे काय नाही ते कसं कळावं.

व्हॅन गॅरेजात आली तशी धाकट्याने ट्रायलला काढली. मिस्त्री डावीकडे बसले, खिडकीची काच खाली घेतली, डोळे मिटले. वहिनी आपणहून मागे चढली तेव्हा धाकट्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. सरळ रस्त्यावर आवाज वाढला, हिसके बसले. समोर एक मोठा खड्डा आला, धाकट्याने गाडी झटकन डावीकडे घेतली, आणि त्या क्षणी घरघर इतकी वाढली की वहिनीने सीटचा दांडा धरला.

"डावा बेअरिंग," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले.

वहिनीने धीर करून, मागून, त्यांच्या डाव्या खांद्याशी वाकून सांगितलं की मला तर उजवीकडे वाटतंय, पायाखाली. मिस्त्री हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि धाकट्याला म्हणाले, आता तुझी वहिनी पायाने ऐकायला लागली, उद्यापासून तिला पाना दे आणि तू चहा कर. धाकटाही हसला. वहिनीला त्या हसण्याचा राग आला, कारण ते हसू चेहऱ्यावर नुसतं चिकटवलेलं होतं आणि त्याची नजर समोरच्या रस्त्यावरून हलत नव्हती.

डावं चाक जॅकवर चढलं. मिस्त्रींनी ते वरखाली हलवलं तर जरासं डगडगलं. जुन्या गाडीचं कुठलं चाक डगडगत नाही? पण त्यांनी विजयी मुद्रेने वहिनीकडे पाहिलं. चाकामागचा हब उतरला, प्रेसमध्ये दाबून बेअरिंग निघाला, नवा बसला. लेक शेजारी उभी राहून वडिलांना पाने देत होती, चेष्टा करत होती, की बाबा तुमचा कान विम्यात घाला, घरात तेवढीच एक किमती वस्तू आहे. मिस्त्री खूश होते. उजव्या चाकाला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

पुन्हा ट्रायल झाली. परत आल्यावर लेक म्हणाली, आवाज कमी झालाय, पण थोडा आहे अजून, नाही का? मिस्त्री म्हणाले, नवा आहे, बसायला वेळ लागतो, दोन दिवस जाऊ दे. लेकीने लगेच मान डोलावली. बाबा म्हणाले म्हणजे झालं.

संध्याकाळी जेवताना वहिनी एकच घास कालवत बसली होती. लेक डावीकडे बसून वस्तीतल्या पोरांच्या गमती सांगत होती. एक पोरगा रोज मागच्या सीटखाली लपतो आणि मला शोधायला लावतो, एकीला दर वळणाला उलटीसारखं होतं म्हणून मी तिला गाणी म्हणायला लावते. मिस्त्री पोट धरून हसत होते. वहिनी नुसती बघत राहिली. तिच्या ओठांवर वाक्य आलं होतं. एकदा उजवं चाकही बघून घ्या ना, माझ्या समाधानासाठी. एवढंच. पण ते ऐकल्यावर हसू मावळेल, ताट सरकवलं जाईल, लेक कानकोंडी होईल, असं सगळं तिला दिसायला लागलं. तिने वाक्य गिळलं आणि लेकीच्या ताटात आणखी भात वाढला. लेक म्हणाली, अगं आई पुरे, व्हॅनमध्ये मावायचंय मला.

सकाळी लेक नेहमीसारखी निघाली. व्हॅन फाटकातून रस्त्याला लागताना डावीकडे वळली, आणि अंगण झाडत असलेल्या वहिनीला ती घरघर स्पष्ट ऐकू आली. कालच्यापेक्षा जाड. झाडू तसाच टाकून ती गॅरेजात गेली.

धाकटा एकटाच होता. काल काढलेला जुना बेअरिंग त्याने रॉकेलने धुऊन स्वच्छ केला होता आणि हातात धरून बोटाने फिरवत होता, एकटक. वहिनी समोर येऊन उभी राहिली तरी तो थांबला नाही. मग त्याने तो तिच्या हातात दिला आणि फिरवून बघायला सांगितलं. तिने फिरवला. थोडा खरखरला, पण फिरला, नीट फिरला.

"एवढ्याने तसा आवाज येत नाही, वहिनी," तो म्हणाला. "खड्डा चुकवायला मी डावीकडे घेतली तेव्हा आवाज वाढला होता. डावीकडे घेतली की गाडीचा भार उजव्या चाकावर जातो. तेव्हाच कळलं मला."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल बोलला का नाहीत, दातखीळ बसली होती का, पोटच्या पोरीसारखी पुतणी आहे तुमची, असं ती त्याला वाटेल ते बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून त्याने एवढंच विचारलं, की त्यांच्या कानाचं तुम्ही तरी कुठे बोललात?

तिने विचारलं, काय होईल? धाकट्याने सांगितलं, वर जाताना व्हॅन रिकामी असते, चढावर वेग नसतो, तोवर निभावेल. येताना पोरं भरलेली आणि सगळा उतार. आधीच हिसके बसतायत. तापून तापून बेअरिंग फुटला तर चाक वाकडं होईल, आणि मग स्टिअरिंग कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. असं म्हणून त्याने तिच्या हातातला बेअरिंग टेबलावर ठेवला आणि तो गॅरेजातल्या जुन्या जीपची किल्ली शोधायला लागला.

मिस्त्री घरात दाढी करत होते. वहिनी आत गेली ती सरळ त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. मुद्दाम नव्हे, रागाच्या भरात तिला बाजूचं भानच राहिलं नाही. तिने त्यांना हाक मारली. त्यांचा वस्तरा संथपणे हनुवटीवरून फिरत राहिला. तिने पुन्हा मारली, मोठ्याने. मग आरशात ती दिसली तेव्हा कुठे ते दचकले आणि म्हणाले, अशी भुतासारखी काय येऊन उभी राहतेस.

"तुमचा उजवा कान गेलाय," वहिनी म्हणाली. "केव्हाचा गेलाय. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. काल तुम्ही चुकलात. आवाज उजव्या चाकाचा आहे आणि पोरगी ती गाडी घेऊन वर गेलीय."

ती डावीकडे सरकली नव्हती, पण आता ते तिच्याकडे तोंड करून होते आणि त्यांना सगळं ऐकू आलं. आधी त्यांचा चेहरा लाल झाला. कोण म्हणतं, काय बरळतेस, काल चाक हलताना डोळ्यांनी पाहिलंस ना, असं सगळं ते म्हणून पाहत होते. मग त्यांनी दाराशी आलेल्या धाकट्याकडे पाहिलं. त्याने किल्ली मुठीत घट्ट धरली होती आणि तो जमिनीकडे बघत होता. तेव्हा मिस्त्री बोलायचे थांबले.

त्यांनी फेसाच्या हातानेच फोन उचलून लेकीला लावला. नेहमीप्रमाणे डाव्या कानाला धरला. घंटी वाजत होती, वहिनीलासुद्धा बारीक ऐकू येत होती. मग त्यांनी काय केलं, तर फोन उजव्या कानाला लावला. तसाच धरून उभे राहिले. फेस गालावरून ओघळून बनियनवर पडला तरी त्यांना कळलं नाही. या माणसाला एवढं घाबरलेलं वहिनीने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि तिचंच काळीज तुटलं.

लेकीने फोन घेतला नाही. चालवताना ती घेणारच नव्हती. तिच्या बापानेच तशी शिस्त लावली होती.

जीप धाकट्याने चालवली. मिस्त्री शेजारी, अर्धी दाढी केलेले; वहिनी मागे. वस्तीतल्या कुणाचा नंबर आहे का म्हणून तिने फोन धुंडाळला. एका मुलीच्या आईचा सापडला. त्या बाईने सांगितलं की आत्ताच गेली की गाडी, आज ताई जरा लवकर आली होती. वहिनीने हे पुढे सांगितलं तेव्हा धाकट्याने जीप खालच्या गिअरमध्ये टाकली आणि इंजिन ओरडायला लागलं.

घाटाचा रस्ता अरुंद होता. एका अंगाला कापलेला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि प्रत्येक वळणाला दोन्हींची अदलाबदल. कठड्याचे दगड मध्येमध्ये पडून गेलेले. सूर्य नुकता डोंगराच्या कडेवर आलेला आणि वळणावळणाला थेट डोळ्यांत शिरत होता. समोरून एखादी गाडी आली की वहिनीचा जीव टांगणीला लागायचा, ती जवळ आली की दुसरीच असायची. मिस्त्रींनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं. दर वळणाला ते धाकट्याला इंजिन बंद करायला लावायचे, कान द्यायचे आणि पुन्हा चालू करायला सांगायचे. तसं थांबण्यात वेळ जातोय, हे कळत असूनही धाकट्याने एकदाही नाही म्हटलं नाही.

"ऐकू येतंय का तुम्हाला काही?" मिस्त्रींनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला होता. वहिनी म्हणाली, नाही. पुढच्या वळणाला त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. त्याच्या पुढच्या वळणाला मात्र तिला ऐकू आलं, आणि ते गाडीचं नव्हतं. पोरांच्या रडण्याचं होतं. मिस्त्री अजून काच धरून वाट बघत होते. तिने धाकट्याच्या खांद्यावर हात मारला आणि जीप निघाली.

व्हॅन डोंगराच्या अंगाला नाक खुपसून उभी होती. उजवं पुढचं चाक मुडपून आत गेलं होतं, आणि रस्त्यावर लांबवर पत्र्याने खरवडल्याचा पांढरा ओरखडा उठला होता. तिथे उतरणाऱ्या गाडीच्या उजव्या हाताला डोंगर होता. त्याच्या पुढच्या वळणावर दरी उजव्या हाताला होती, ती वहिनीने आत्ताच पाहिली होती आणि जन्मभर विसरणार नव्हती. पोरं रस्त्याच्या कडेला दगडांवर रांगेत बसली होती. एका मोठ्या मुलीने त्यांना बसवलं होतं आणि ती त्यांना मोजत होती. मोजून संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एकाच्या नाकातून रक्त येत होतं, एकीचा हात सुजला होता, बाकी सगळी धड होती. एक ट्रकवाला आपला ट्रक आडवा लावून, हातात पहार घेऊन, व्हॅनच्या दाराशी झटत होता.

लेक आत होती. गाडी उजवीकडे खेचली जातेय हे कळल्यावर तिने सोडवायची झटापट केली नव्हती. उलट होतं नव्हतं तेवढं स्टिअरिंग उजवीकडेच पिळून ती सरळ डोंगरावर घातली होती, म्हणजे पोरं मागे राहतील आणि मार पुढे बसेल. पुढे ती स्वतः होती. दबलेल्या पत्र्यात तिचा उजवा पाय अडकला होता. धाकटा आणि ट्रकवाला दोघांनी पहारीवर जोर दिला, मिस्त्रींनी हातांनीच पत्रा ओढला, त्यांची बोटं फाटली. दार सुटलं. तिला बाहेर काढून रस्त्यावर वहिनीच्या मांडीवर आडवं केलं तेव्हा ती शुद्धीत होती. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. पोरं सगळी आहेत का, हे तिने आधी विचारलं. त्या मोठ्या मुलीने तिकडूनच ओरडून आकडा सांगितला.

"आई, मला पाय कळत नाहीये," लेक म्हणाली.

वहिनीने तिच्या पायाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. धाकट्याने शर्ट काढून वर करकचून बांधला होता, तरी कापड भिजत होतं. ट्रकवाल्याने फोन केला होता, खालच्या दवाखान्याची गाडी निघाली होती. मिस्त्री लेकीच्या उशाशी बसले होते, तिचं डोकं त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी. ते तिच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि गेलेल्या चाकाकडे बघत होते.

लेकीने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. ती हळूच बोलली, कुरकुर नाही, राग नाही, जसं काही स्वतःलाच समजावत होती.

"बाबा, आवाज उजवीकडनंच येत होता. मला ऐकू येत होता काल. तुम्ही डावीकडे म्हणालात, मग मलाही डावीकडेच ऐकू यायला लागला."

मिस्त्री हात फिरवत राहिले. मग तिचे ओठ हललेले त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी वाकून वहिनीला विचारलं, "काय म्हणाली ती?"

धाकट्याने तोंड फिरवलं. वहिनीच्या जिभेवर वाक्य आपोआप तयार झालं होतं. ती म्हणतेय, काळजी करू नका बाबा. इतकी वर्षं तिने हेच केलं होतं, आलेल्या शब्दाला साखर लावून पुढे द्यायचं. अर्धी दाढी, फाटलेली बोटं, म्हातारा झालेला चेहरा. या माणसाला आणखी किती मारायचं? त्याला एक वाक्य खोटं सांगितलं तर कुणाचं काय जाणार होतं? मग तिला मांडीवरच्या पोरीचं डोकं जड वाटलं, आणि कुणाचं काय जातं ते तिला कळलं.

पुढे वाकून तिने लेकीचे शब्द जसेच्या तसे, एक न गाळता, नवऱ्याच्या डाव्या कानात सांगितले.

मिस्त्रींचा हात लेकीच्या कपाळावर थांबला होता. लेकीने डोळे मिटले होते आणि तिचा श्वास वरवर चालला होता. पोरांपैकी कुणीतरी विचारत होतं, ताई झोपली का.

बऱ्याच वेळाने दवाखान्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. पोरं उठून उभी राहिली. मिस्त्रीही धडपडत उठले, रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात उंच करून वस्तीच्या दिशेने, चढाकडे बघत उभे राहिले. गाडी खालून येत होती, त्यांच्या पाठीमागून. धाकटा त्यांच्याकडे पाहत राहिला, सवयीने गप्प.

वहिनीने लेकीचं डोकं अलगद त्या मोठ्या मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि उठून, नवऱ्याचा दंड धरून त्याला उताराकडे वळवलं.

"तिकडे नाही," ती म्हणाली. "इकडून येतेय."